यील्ड ९५ टक्के आलं, मग कचरा कुठे गेला? 'हिरव्या' प्रक्रियेतल्या या चुका टाळा

अ‍ॅसिटोफिनोन बनवायची जुनी पुस्तकी पद्धत घ्या. बेंझीन, अ‍ॅसिटाइल क्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. यील्ड, म्हणजे हिशोबाने मिळायला हवा त्यापैकी हाती आलेला माल, ९५ टक्के आलं की प्रयोगशाळेत सगळे खूश. पण तयार होणारं कीटोन अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडला धरून बसतं, म्हणून ते चिमूटभर टाकून भागत नाही. मोलला मोल, म्हणजे रेणूमागे रेणू, वर थोडं जास्तच लागतं. आकडेमोड केली तर एक किलो मालामागे सव्वा किलोहून जास्त अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड होतं. शेवटी ते बर्फाच्या पाण्यात टाकून निष्प्रभ (क्वेंच) करायचं, म्हणजे मालाच्या कितीतरी पट आम्लयुक्त सांडपाणी. यील्डच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

स्पेशालिटी केमिकल्समध्ये 'शाश्वत' म्हणून सुरू केलेले बदल फसतात ते बहुतेक वेळा अशाच कारणाने. रसायनशास्त्र बरोबर असतं, हिशोबाची चौकट तोकडी पडते. कचरा कमी होत नाही, फक्त जागा बदलतो: रिअ‍ॅक्टरमधून ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात), ईटीपीतून बाष्पीभवनाच्या वाफेच्या खर्चात, नाहीतर व्हेंटमधून थेट हवेत. खालच्या चुकांपैकी काही मी स्वतः केल्या आहेत, काही दुसऱ्यांच्या निस्तरल्या आहेत.

फक्त यील्ड बघणं

रॉजर शेल्डन यांनी १९९२मध्ये ई-फॅक्टर मांडला: एक किलो मालामागे किती किलो कचरा. त्यांच्या तक्त्यात तेल शुद्धीकरणाचा आकडा ०.१च्या खाली आहे, मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांचा १ ते ५च्या घरात, फाइन केमिकल्सचा ५ ते ५०च्या पुढे आणि औषधांचा २५ ते १००च्या पुढे. म्हणजे ज्याला आपण 'घाणेरडा' उद्योग म्हणतो ती रिफायनरी किलोमागे सगळ्यात कमी कचरा करते. महाग, नाजूक रेणू बनवणारे आपण सगळ्यात जास्त करतो, कारण आपल्याकडे पायऱ्या जास्त, प्रत्येक पायरीला वेगळा सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) आणि उत्प्रेरकाऐवजी मोलला मोल लागणारे रीएजंट.

त्याच्या एक वर्ष आधी, १९९१मध्ये, बॅरी ट्रॉस्ट यांनी अ‍ॅटम इकॉनॉमीची कल्पना मांडली: आत घातलेल्या अणूंपैकी मालात किती पोचले? आयबुप्रोफेनची जुनी पद्धत सहा पायऱ्यांची होती आणि जेमतेम ४० टक्के अणू मालात यायचे. नंतरची पद्धत तीन पायऱ्यांची, ७७ टक्क्यांची. उपपदार्थ म्हणून निघणारं अ‍ॅसिटिक आम्ल वापरात आणलं तर जवळजवळ सगळेच अणू कामी येतात. अशी उडी तापमान दोन अंश इकडे-तिकडे करून मिळत नाही. मार्गच बदलावा लागतो, आणि तो बदलायचा तर विकासाच्या सुरुवातीलाच. पायलट बॅच (कारखान्याआधीची मोठी चाचणी) झाल्यावर मार्ग बदलायला कोणी तयार नसतं.

ई-फॅक्टर वापरतानाही पाय घसरतो. एकाने पाणी धरलं, दुसऱ्याने वगळलं, आणि दोन्ही आकडे एकाच स्लाइडवर शेजारी बसले. दुसरं असं की एक किलो मीठ आणि एक किलो क्रोमियमचा गाळ यांचं वजन सारखं असलं तरी ओझं सारखं नसतं. त्यासाठी ई-फॅक्टरला घातकतेच्या गुणकाने गुणायची कल्पनाही शेल्डन यांनीच मांडली होती, पण तो गुणक ठरवताना वाद होतात म्हणून लोक तो सोडून देतात.

माझा सल्ला साधा आहे. एका खऱ्या बॅचचा मास बॅलन्स वजनकाट्यावर करा, पुस्तकातून नको. आत गेलेलं प्रत्येक ड्रम, बाहेर आलेला प्रत्येक थर, केक, मदर लिकर (स्फटिक गाळल्यावर उरलेला द्रव), स्टिलच्या तळाचा गाळ. जमा-खर्च जुळत नसेल तर आधी कंडेन्सर बघा. हरवलेलं वजन बहुतेक वेळा कमी उकळणबिंदूचा सॉल्व्हंट असतो. थंड पाणी पुरेसं थंड नसतं, किंवा नायट्रोजनचा प्रवाह कोणीतरी 'सुरक्षित असावा' म्हणून दुप्पट सोडलेला असतो आणि तो वाफ सोबत घेऊन जातो.

सॉल्व्हंट बदलला, बॅचशीट तीच

इथे सगळ्यात जास्त बॅचेस वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

डायक्लोरोमिथेन काढून त्याजागी २-मिथाइल टीएचएफ किंवा इथाइल अ‍ॅसिटेट आणायचं ठरतं. अभिक्रिया छान होते. मग वर्कअपला, म्हणजे माल वेगळा काढताना, बॅचशीट (कृतीचा कागद) म्हणते, 'खालचा थर काढून घ्या.' डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड, घनता सुमारे १.३३, माल खालच्या थरात असायचा. नवा सॉल्व्हंट पाण्यावर तरंगतो. ऑपरेटर शीटप्रमाणे खालचा थर ठेवतो आणि माल असलेला वरचा थर ईटीपीकडे रवाना होतो. हे ऐकायला विनोदी वाटतं, रात्रपाळीला अजिबात वाटत नाही. सॉल्व्हंट बदलला की बॅचशीटमधलं 'वर', 'खाली', 'पहिला', 'दुसरा' हे प्रत्येक शब्द नव्याने तपासा. थर ओळखायची खूणही लिहा: थेंबभर नमुना पाण्यात टाका, मिसळला तर तो पाण्याचा थर.

दुसरं लक्षण: माल पिवळा पडला, एखादी अशुद्धी अर्धा टक्का वाढली. कारण उकळणबिंदू. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उडून जायचा. इथाइल अ‍ॅसिटेटला ७७ अंश लागतात, २-मिथाइल टीएचएफला ८०. सॉल्व्हंट काढताना माल आता तासन्‌तास गरम जॅकेटला चिकटून असतो. निर्वात वाढवा, शेवटचे काही लिटर काढायचा हट्ट सोडा, किंवा त्याच सॉल्व्हंटमध्ये पुढची पायरी चालते का ते बघा. पायऱ्या जोडून घेणं हा कचरा कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

तिसरं: इथाइल अ‍ॅसिटेट म्हणजे एस्टर, हे घाईत विसरलं जातं. कॉस्टिकच्या वॉशमध्ये ते तुटतं, आणि प्राथमिक अमाइन असलेल्या मालाला अ‍ॅसिटाइल गट चिकटवून टाकतं. एलसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) ४२ वस्तुमान वाढलेली नवी अशुद्धी दिसली तर शोध लांब नेऊ नका.

चौथी गोष्ट पेरॉक्साइडची. टीएचएफ आणि २-मिथाइल टीएचएफ हवेत स्फोटक पेरॉक्साइड बनवतात, म्हणून पुरवठादार त्यात ते रोखणारं बीएचटी हे रसायन घालतो. बीएचटीचा उकळणबिंदू २६५ अंशांच्या आसपास. तुम्ही सॉल्व्हंट ऊर्ध्वपातनाने परत मिळवला की बीएचटी तळाशी राहतो आणि वर येतो तो उघडा-वाघडा सॉल्व्हंट. तो टाकीत महिनाभर पडला तर धोका तयार. रिकव्हरीनंतर लगेच बीएचटी पुन्हा घाला, वापरण्याआधी पेरॉक्साइड तपासा आणि असा सॉल्व्हंट कोरडा पडेपर्यंत कधीच उकळू नका. आणि मालाच्या क्रोमॅटोग्राममध्ये (घटकांच्या आलेखात) एखादं अनोळखी शिखर आलं तर तेही कदाचित बीएचटीच असेल. ते शोधण्यात मी एकदा आठ दिवस घालवले होते.

आगीचं गणितही बदलतं. डायक्लोरोमिथेनला व्यवहारात फ्लॅशपॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) नाही. या दोन्ही पर्यायांचा शून्य अंशाखाली आहे. जुन्या सॉल्व्हंटसाठी चालणारी मोटर, पंप, अर्थिंग नव्यासाठी चालेलच असं नाही.

आगीतून फुफाट्यात जायची उदाहरणं या क्षेत्रात पुष्कळ आहेत. वाहनदुरुस्तीच्या ब्रेक-क्लीनरमधून क्लोरिनयुक्त सॉल्व्हंट काढून हेक्झेन आणि अ‍ॅसिटोन आणले गेले. कॅलिफोर्नियात काही मेकॅनिकांच्या हातापायांच्या नसा त्यामुळे निकामी होऊ लागल्या. हेक्झेनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन बनतं, ते नसांना मारतं, आणि अ‍ॅसिटोनमुळे हा परिणाम आणखी वाढतो. प्लास्टिकमधलं बिस्फिनॉल ए काढून बिस्फिनॉल एस घातलं, तेव्हा रेणू इतका सारखा होता की संप्रेरकांवरच्या परिणामाचा प्रश्नही सोबत आला. यादीतलं नाव टाळणं म्हणजे धोका टाळणं नव्हे. पर्याय निवडताना रचनेतला कोणता भाग त्रास देतो ते आधी शोधा आणि तोच भाग नव्या रेणूत आहे का ते बघा.

पहिल्या तीन बॅचवर भरवसा

सॉल्व्हंटची वसुली सुरू केली. तीन बॅचेस उत्तम. सातव्या-आठव्या बॅचला अभिक्रिया रेंगाळते, बाराव्या बॅचला थांबतेच. मग दोष उत्प्रेरकाच्या लॉटला दिला जातो. रोग म्हशीला, इलाज पखालीला.

एखादी अशुद्धी सॉल्व्हंटसोबतच उकळून वर येत असेल आणि दर फेरीत ९० टक्के सॉल्व्हंट परत वापरला जात असेल, तर तिची पातळी एका बॅचमध्ये बनणाऱ्या प्रमाणाच्या दहा पटींपर्यंत चढत जाते. तिसऱ्या बॅचला ती २.७ पट असते, दहाव्याला ६.५ पट, विसाव्याला ८.८ पट. तीन बॅचेसच्या चाचणीत हे दिसणारच नाही. आणि वसुली ९५ टक्क्यांवर नेली, म्हणजे अभिमान वाटावा असं काम केलं, की कमाल पातळी वीस पट होते. चांगली वसुली अशुद्धीही चांगलीच साठवते.

म्हणून रिकव्हर्ड सॉल्व्हंटचं स्पेसिफिकेशन ताज्या सॉल्व्हंटची नक्कल करून लिहू नका. ताज्यात जे कधी नसतंच, नेमकं तेच इथे मोजायचं असतं: तुमच्या अभिक्रियेतलं अमाइन, तुटलेलं अल्कोहोल, पाणी. अमाइनचा मागमूसही धातूच्या उत्प्रेरकाला धरून बसतो. गंधकयुक्त पदार्थ तर पॅलेडियमला मारूनच टाकतात. प्रयोगशाळेत ताज्या सॉल्व्हंटमध्ये संशयित अशुद्धी मुद्दाम दहा पट, वीस पट घालून अभिक्रिया करून बघा. दोन दिवसांत कळतं की मर्यादा कुठे आहे. मग त्या मर्यादेनुसार दर फेरीत किती सॉल्व्हंट बाहेर काढायचा ते ठरतं. वसुलीची टक्केवारी आधी ठरवून मग रसायनशास्त्राला त्यात बसवू नये.

अझिओट्रोपही, म्हणजे एकत्रच उकळणारी मिश्रणंही, लक्षात ठेवा. इथेनॉल आणि पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, स्तंभ कितीही उंच बांधा. २-मिथाइल टीएचएफ मात्र पाण्यासोबत उकळतो आणि थंड झाल्यावर थर वेगळे होतात, त्यामुळे सुकवणं सोपं जातं. टीएचएफमध्ये हे होत नाही. तो पाण्यात पूर्ण मिसळतो. असे फरक सॉल्व्हंट निवडतानाच बघायचे असतात, नंतर नाही.

सॉल्व्हंट कमी केला, उष्णता विसरलो

ई-फॅक्टर सुधारायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सॉल्व्हंट अर्धा करणं. कागदावर झकास. पण सॉल्व्हंट फक्त विरघळवत नाही, तो उष्णता पोटात घेतो. प्रति मोल १५० किलोजूल उष्णता देणारी अभिक्रिया लिटरला एक मोल या प्रमाणात केली आणि थंडावा बंद पडला, तर नेहमीच्या सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये तापमान साधारण ९० अंशांनी चढतं. सॉल्व्हंट अर्धा करून लिटरला दोन मोल केले तर १८० अंशांनी. ९० अंशांची चढण एखाद्या मालाला सोसते. १८० अंशांवर तो माल स्वतःच विघटित व्हायला लागला तर पुढचं आपल्या हातात राहत नाही.

त्यात प्लांटची भूमिती विरोधात असते. एका लिटरच्या फ्लास्कवरून त्याच आकाराच्या हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरवर गेलात की आकारमान हजार पट होतं, उष्णता बाहेर नेणारा पृष्ठभाग फक्त शंभर पट. 'लॅबमध्ये तर गरमच होत नव्हतं' या वाक्याचं एवढंच स्पष्टीकरण.

फ्लोरिडातल्या टी-टू लॅबोरेटरीजमध्ये १९ डिसेंबर २००७ रोजी स्फोट झाला, चार जण गेले. पेट्रोलमध्ये घालायचं एक मँगनीजयुक्त रसायन तिथे बनत होतं. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात निघालेल्या गोष्टी प्रत्येक प्रोसेस केमिस्टने पाठ कराव्यात अशा आहेत: ४२व्या बॅचपासून बॅचचा आकार एक तृतीयांशाने वाढवला होता, थंडाव्याला पर्यायी व्यवस्था नव्हती, आणि सोडियम व डायग्लाइम (तिथला सॉल्व्हंट) यांच्यात २०० अंशांच्या आसपास सुरू होणारी दुसरी उष्मादायी अभिक्रिया कोणाच्या लक्षातच नव्हती. स्फोट १७५व्या बॅचला झाला. 'इतक्या बॅचेस झाल्या, काही झालं नाही' याला पुरावा मानू नका.

सॉल्व्हंट कमी करण्याआधी रिअ‍ॅक्शन कॅलरिमेट्री (अभिक्रियेच्या उष्णतेचं मापन) करा आणि अभिक्रियेच्या शेवटच्या मिश्रणाचा डीएससी (तापवताना ते किती उष्णता सोडतं त्याची चाचणी) काढा. शक्य तिथे एक घटक हळूहळू घाला आणि तो साठत नाही, लगेच खर्च होतो, याची खात्री करा. थंड रिअ‍ॅक्टरमध्ये 'सुरक्षित' म्हणून सावकाश घातलेला माल अभिक्रिया न होता साठतो आणि मग एकदम पेटतो. तापमान फार खाली ठेवणं हीसुद्धा चूक असू शकते.

फ्लोमध्ये मीठ

बॅचऐवजी सतत वाहणाऱ्या नळीत अभिक्रिया करायची कल्पना चांगली आहे: पृष्ठभाग भरपूर, एका वेळी आत असलेला धोकादायक माल थोडा. अडचण एकच, पण हमखास येणारी: नळी तुंबते. दाब हळूहळू चढत असेल तर भिंतीवर थर बसतोय. एकदम चढला तर एखाद्या सांध्यात किंवा वळणावर खडा अडकलाय. ट्रायइथाइल अमाइन हा बेस (आम्ल टिपणारा पदार्थ) वापरला की त्याचं हायड्रोक्लोराइड मीठ टीएचएफ किंवा टोल्युइनमध्ये पांढरं होऊन बसतं. बेस बदला, ट्रायब्युटाइल अमाइनचं मीठ सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये बरंच जास्त विरघळतं. तेही जमत नसेल तर नळीचा हट्ट सोडून छोट्या ढवळत्या टाक्यांची साखळी लावा. प्रत्येक अभिक्रिया फ्लोमध्ये जायलाच हवी असं नाही; जी सावकाश, थंड आणि निरुपद्रवी आहे ती बॅचमध्येच सुखी असते.

एन्झाइम म्हणजे पाणी, पाणी म्हणजे फुकट

सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधासाठी मर्क आणि कोडेक्सिस यांनी एक ट्रान्सअमायनेज (अमाइन गट बसवणारं एन्झाइम) घडवलं आणि उच्च दाबाची, ऱ्होडियमवर चालणारी हायड्रोजनेशनची पायरी वगळली. २०१०मध्ये त्याला अमेरिकेचा ग्रीन केमिस्ट्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे उदाहरण प्रत्येक सादरीकरणात येतं. त्यातला महत्त्वाचा भाग मात्र गाळला जातो: मूळ एन्झाइम या रेणूला हातसुद्धा लावत नव्हतं. उत्क्रांतीच्या अनेक फेऱ्यांनंतर ते लिटरला २०० ग्रॅम कच्चा माल, ४० अंश आणि निम्मं डीएमएसओ (एक सॉल्व्हंट) सहन करू लागलं, तेव्हा ते उद्योगाच्या कामाचं झालं.

तुमचं एन्झाइम लिटरला दहा ग्रॅमवर चालत असेल तर एक किलो मालामागे शंभर लिटर पाणी येतं, त्यात बफरचं मीठ, प्रथिनं आणि सहसॉल्व्हंट. हे पाणी ईटीपीत गेलं की सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप) चढतो, मीठ जास्त असल्याने जिवाणू मरगळतात आणि शेवटी बाष्पीभवनासाठी वाफ जाळावी लागते. शंभर लिटर पाणी उडवायला लागणारी ऊर्जा कधीकधी सगळ्या जुन्या प्रक्रियेपेक्षा जास्त निघते. म्हणून एन्झाइमच्या बाबतीत पहिला प्रश्न निवडकतेचा नको, लिटरला किती ग्रॅम याचा असावा. मालाच्या निष्कर्षणात घट्ट इमल्शन (थर वेगळे न होणारं मिश्रण) झालं तर दोष प्रथिनाचा असतो. आधी गरम करून किंवा आम्ल घालून प्रथिन साकळू द्या, फिल्टर करा, मगच सॉल्व्हंट घाला.

'जैव' आणि 'विघटनशील' यांची गल्लत

वनस्पतीपासून बनलेलं पॉलिइथिलीन हे पॉलिइथिलीनच असतं, मातीत तितकंच टिकतं. उलट पेट्रोलियमपासून बनणारं पीबीएटी हे प्लास्टिक कंपोस्टमध्ये विघटित होतं. कार्बन कुठून आला आणि रेणू कुठे जाणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

विघटन रचनेवर ठरतं. १९५०च्या दशकातले डिटर्जंट फांद्या असलेल्या अल्किल साखळीचे होते. जिवाणू साखळी दोन-दोन कार्बननी कुरतडत जातात आणि फांदी आली की अडतात. नद्यांवर फेस साचला. १९६०च्या दशकाच्या मध्यावर उद्योग सरळ साखळीकडे वळला आणि फेस ओसरला. कच्चा माल आधीही पेट्रोलियमच होता, नंतरही पेट्रोलियमच.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३०१ क्रमांकाची चाचणी 'सहज विघटनशील' म्हणायला २८ दिवसांत ६० टक्के ऑक्सिजन-वापर किंवा कार्बन डायऑक्साइड, नाहीतर विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनमध्ये ७० टक्के घट मागते, आणि बहुतेक पद्धतींत तेही विघटन सुरू झाल्यावर १० दिवसांच्या खिडकीत. ही चाचणी न करता 'वनस्पतिजन्य' या शब्दावर दावा छापू नका.

पर्याय आणतानाचा नेहमीचा घोळ म्हणजे ईडीटीए या पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या जागी एमजीडीए किंवा जीएलडीए तितक्याच वजनाने घालणं. हे दोन्ही सहज विघटनशील आहेत, पण कॅल्शियमवरची त्यांची पकड ईडीटीएपेक्षा सैल आहे. क्षारयुक्त पाण्यात साबण फाटला, कापडावर करडी छटा आली, की पर्याय 'निकामी' ठरवला जातो. खरं तर मात्रा आणि पीएच पुन्हा जुळवायचा असतो, तुमच्याच पाण्याच्या कडकपणावर.

मास बॅलन्स प्रमाणपत्राचंही तसंच. कारखान्यात जैव कच्चा माल मिसळला आणि त्याचा वाटा कागदोपत्री तुमच्या मालाला दिला, तर हा मार्ग वैध आहे. पण ग्राहकाने कार्बन-१४ची चाचणी केली तर तुमच्या ड्रममध्ये जैव कार्बन शून्यही निघू शकतो. लेबलवर काय लिहायचं ते हे आठवून लिहा.

ग्राहकाला शेवटी सांगणं

प्रक्रिया बदलली की अशुद्धींचा नकाशा बदलतो. शुद्धता ९९.५ टक्केच राहिली तरी उरलेला अर्धा टक्का आता वेगळ्या पदार्थांचा असतो. तुमचा माल कोटिंगमध्ये जात असेल तर रंग बदलेल, पॉलिमरमध्ये जात असेल तर साखळीची लांबी. ग्राहकाला पुन्हा चाचण्या करायला कित्येक महिने लागतात, म्हणून त्याला पायलटच्या टप्प्यातच बोलवा. आणि नमुना पाठवताना ताज्या सॉल्व्हंटमधली पहिली चकचकीत बॅच पाठवू नका. रिकव्हर्ड सॉल्व्हंटच्या विसाव्या फेरीतली पाठवा. वर्षभर त्याला तीच मिळणार आहे.